वजन उतरते; प्रश्न ते टिकण्याचा आहे

चाळिशी ओलांडली की कमरेचा पट्टा एकेक भोक पुढे सरकू लागतो आणि वार्षिक तपासणीच्या अहवालात रक्तशर्करेचा आकडा ठळक अक्षरांत छापून येऊ लागतो. शहरी मध्यमवर्गाला हा अनुभव नवा नाही. नवे आहे ते त्यावर शोधल्या जाणाऱ्या उपायाचे स्वरूप. ‘थोडे कमी खा आणि रोज चाला’ या जुन्या, काहीशा मोघम सल्ल्याची जागा आता आखीव नियमांच्या आहाराने घेतली आहे. भात बंद, पोळी एक किंवा तीही नाही, साखर पूर्ण वर्ज्य. त्याऐवजी अंडी, पनीर, दही, भाज्या आणि मूठभर शेंगदाणे. कर्बोदके कमी करणाऱ्या या आहाराने तीन-चार महिन्यांत आठ-दहा किलो वजन उतरवलेली माणसे कचेरीत, सोसायटीत, नातेवाइकांत भेटतात आणि त्यांचे पाहून आणखी चारजण त्या वाटेला लागतात. ही लाट केवळ हौसेची नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या एका पिढीची ती धडपड आहे आणि म्हणूनच तिच्याकडे गांभीर्याने पाहायला हवे.

मुळात ही कल्पना अजिबात नवी नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग या अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकाने १८६३ मध्ये स्थूलपणाविषयी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. पासष्टी गाठलेल्या बँटिंग यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. पोहणे, घोडेस्वारी, बाष्पस्नान असे सारे करून ते थकले होते. अखेर डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडली आणि वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे जवळपास २१ किलो वजन उतरवले. ती पुस्तिका इतकी खपली, की स्वीडिश भाषेत वजन कमी करण्यासाठी आजही त्यांच्याच नावावरून बनलेले क्रियापद वापरतात. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी हाच विचार टप्प्याटप्प्यांच्या कडक नियमांत बसवला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या पद्धतीची अमेरिकेत अक्षरशः साथ आली. २००३ मध्ये अ‍ॅटकिन्स यांचे निधन झाले आणि २००५ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी दिवाळखोरीत गेली. उत्साहाने सुरुवात आणि काही काळाने ओहोटी, हा या आहाराच्या इतिहासाचाच क्रम आहे.

या आहाराने वजन उतरते का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. कर्बोदके कमी झाली की यकृत आणि स्नायू यांत साठवलेले ग्लायकोजेन वापरले जाते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काट्यावर जी दोन किलोंची घट दिसते, तिच्यात चरबीपेक्षा पाण्याचाच वाटा मोठा असतो. त्यानंतर मात्र खरी चरबी उतरू लागते. प्रथिने अधिक असल्याने पोट लवकर भरते, दर दोन तासांनी होणारी खाखा कमी होते आणि बिस्किटे, फरसाण, मिठाई हे सारे नियमामुळे आपोआपच बाद होते. म्हणजे उष्मांक मोजावे लागत नाहीत. पण ते कमी होतातच. इन्सुलिनची पातळी खालावणे हाच यातला मुख्य चमत्कार, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते सांगतात. प्रत्यक्ष प्रयोगांनी या दाव्याला तितकासा दुजोरा दिलेला नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोंनी, तर कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे सहा किलोंनी उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि कारखान्यातले तयार पदार्थ टाळायला सांगण्यात आले होते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

तरीही मध्यमवयीन माणसाला यातून काय मिळते, हे जाणून घ्यायचे तर इस्रायलमधील दिमोना येथील अभ्यास पाहावा लागतो. तेथील अणुसंशोधन केंद्रात काम करणारे, सरासरी ५२ वर्षे वयाचे ३२२ स्थूल स्त्री-पुरुष त्यात सहभागी झाले होते. त्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते. त्यांचे तीन गट करून एकाला कमी स्निग्ध आहार, दुसऱ्याला भूमध्य सागरी देशांतील पद्धतीचा आहार आणि तिसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार देण्यात आला. तिसऱ्या गटाने पहिले दोन महिने दिवसाला केवळ २० ग्रॅम कर्बोदके घेऊन सुरुवात केली आणि नंतर ते प्रमाण हळूहळू १२० ग्रॅमपर्यंत वाढवले. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पहिल्या गटाचे वजन सरासरी २.९, दुसऱ्याचे ४.४ आणि तिसऱ्याचे ४.७ किलोंनी उतरलेले आढळले. कमी कर्बोदकांच्या गटात रक्तातील मेदाचे प्रमाणही चांगले सुधारले होते.

या आकड्यांपेक्षा महत्त्वाची होती ती वेगळीच गोष्ट. दोन वर्षांनंतरही सुमारे ८५ टक्के लोक अभ्यासात टिकून होते. अशा प्रयोगांतून वर्षभरातच तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक माणसे गळतात, हा सर्वत्र येणारा अनुभव. मग येथे ती का टिकली? याचे उत्तर त्यांच्या उपाहारगृहात सापडते. दुपारचे मुख्य जेवण सर्वजण कामाच्या जागीच घेत. तेथे कोणत्या गटासाठी कोणता पदार्थ योग्य, हे रंगीत खुणांनी दाखवलेले असे. आहारतज्ज्ञ ठरावीक दिवशी गटाला भेटत आणि सहभागींच्या जोडीदारांनाही मार्गदर्शन दिले जाई. थोडक्यात, नियम पाळण्याचा भार एकट्या माणसाच्या मनोनिग्रहावर टाकलेला नव्हता. भोवतालच्या व्यवस्थेने तो वाटून घेतला होता. ही व्यवस्था संपल्यावर आणखी चार वर्षांनी संशोधकांनी त्याच लोकांची पुन्हा वजने घेतली. सहा वर्षांची निव्वळ घट कमी स्निग्ध गटात ०.६, भूमध्य सागरी गटात ३.१ आणि कमी कर्बोदकांच्या गटात १.७ किलो इतकीच उरली होती. सर्वाधिक वजन उतरवणारा गट ते टिकवण्यात मागे पडला होता. जो आहार घरच्या रोजच्या जेवणाच्या अधिक जवळ होता, तोच अधिक तगला, असा याचा अर्थ लावता येतो.

येथेच खरी मेख आहे. आपल्याकडील चर्चा पहिल्या सहा महिन्यांभोवती फिरते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारीशेजारी लावली की विषय संपतो. त्यानंतरच्या दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचे छायाचित्र कोणी काढत नाही.

याचा अर्थ कर्बोदके कमी करण्याचा सल्ला भारतीयांसाठी गैरलागू आहे, असा मुळीच नाही. उलट तो आपल्याला इतरांपेक्षा अधिक लागू आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हे आकडे २०२३ मध्ये जाहीर झाले. याच पाहणीच्या आधारे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक विश्लेषणात दिसले, की भारतीयांना मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, तर प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांतून येणारे उष्मांक ४५ टक्क्यांपर्यंत सीमित ठेवावेत, असे म्हटले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून स्वयंपाकातले तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, ते योग्यच होते. तथापि, भारतीय ताटात सर्वांत मोठा ढीग तेलाचा नाही, पिठाचा आहे.

त्यातच आपली शरीररचना या पिठाला फारशी क्षमा करत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवून दिले आहे, की भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसत असला तरी त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. ही ठेवण जन्मापासूनचीच आहे. ही चरबी पोटात, यकृताभोवती साठते. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलपणाची मोजपट्टीही वेगळी, अधिक कडक आहे. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर धोक्याची घंटा वाजली असे समजावे. काट्यावरचे वजन ‘ठीक’ असूनही ही घंटा वाजू शकते. वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते, ते असे.

मात्र कर्बोदके नेमकी कोठे दडली आहेत, याविषयी बरेच गैरसमज आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी म्हणजे पथ्य, अशी समजूत सार्वत्रिक आहे. भाकरीत तंतुमय पदार्थ आणि खनिजे अधिक असतात, हे खरे. पण शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदके सुमारे ६५ ते ७० ग्रॅम असतात, म्हणजे गव्हाच्या जवळपास तेवढीच. वर उल्लेखिलेल्या २०२५च्या विश्लेषणातही हेच दिसले, की एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून भाताऐवजी नुसती पोळी किंवा भाकरी खाल्ल्याने मधुमेहाचा धोका घटत नाही. कर्बोदकांतून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी पाच टक्के जरी डाळी वा दुधातील प्रथिनांतून घेतले, तर मात्र तो घटण्याची शक्यता दिसते. डाळीविषयीही तारतम्य हवे. तुरीच्या डाळीत प्रथिने २० टक्क्यांहून थोडी अधिक असतात, पण कर्बोदके त्याच्या दुपटीहून जास्त असतात. उपवासाचा साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट. एकादशीला हलके खाल्ल्याच्या समाधानात खिचडीची ताटली दोनदा भरली जाते, तेव्हा शरीराच्या हिशेबात ती भाताचीच वाढ असते.

मध्यमवयाविषयीही एक सोयीचा समज आहे. ‘वय झाले, चयापचय मंदावले’ असे म्हणून वाढत्या पोटाला क्षमापत्र दिले जाते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २९ देशांतील ६४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारित अभ्यासाने या समजाला धक्का दिला. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली, तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत चयापचयाचा वेग जवळपास स्थिर राहतो, असे त्यात आढळले. मग बदलते काय? बदलतात स्नायू आणि बदलते राहणी. तिशीनंतर वापर नसेल तर स्नायू झिजू लागतात. बैठे काम, प्रवासाचे तास, अपुरी झोप आणि उशिराचे जेवण यांची त्यात भर पडते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या काळात चरबी नितंबांकडून पोटाकडे सरकते. यामुळेच या वयात नुसते वजन उतरवणे पुरेसे नाही. उतरलेल्या वजनात साधारणतः पाव हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो आणि त्यात स्नायूही येतात. वजन परत येते तेव्हा मात्र ते मुख्यतः चरबीच्या रूपाने येते. दोन-तीनदा असे चढउतार झाले की माणूस काट्यावर पूर्वीइतकाच, पण अंगाने अधिक अशक्त होतो. आहाराला वजने उचलण्याच्या, उठाबशांच्या व्यायामाची जोड हवी ती याचसाठी.

धोक्यांचा विचारही टाळता येणार नाही. या वयातील अनेकजण आधीच मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेत असतात. इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू असताना अचानक भात-पोळी सोडली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता सर्रास दिल्या जातात. त्या घेणाऱ्याने कर्बोदके जवळपास बंद केली, तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर विकार होऊ शकतो आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने तो लक्षातही येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने मनाने वाढवणे घातक. काहींच्या बाबतीत घातक कोलेस्टेरॉल लक्षणीय वाढते. शिवाय भाताची जागा कशाने घेतली, यालाही महत्त्व आहे. ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, कर्बोदकांच्या जागी मांसाहारी प्रथिने व चरबी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले, तर वनस्पतिजन्य पर्याय घेणाऱ्यांत घटलेले दिसले. असे अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत. पण डोळे झाकून लोणी-चीज खाण्याचा परवाना त्यातून मिळत नाही, एवढे नक्की.

आता मुख्य प्रश्न. दिमोनात जी व्यवस्था उपाहारगृहाने पुरवली, ती मराठी शहरी घरात कोण पुरवते? बहुतेक वेळा याचे उत्तर एकच असते: घरातली बाई. नवऱ्याचे पथ्य सुरू झाले की त्याच्यासाठी वेगळी भाजी, उकडलेली अंडी, पनीर, मुलांसाठी पोळ्या, सासू-सासऱ्यांसाठी मऊ भात. एकाच ओट्यावर दोन-तीन स्वयंपाक होतात. तिचे स्वतःचे पथ्य असेल, तर ते उरलेल्या पोळीपाशी मोडते, कारण अन्न टाकवत नाही. पुरुषाने वजन उतरवल्याच्या कथांत या श्रमांचा उल्लेख क्वचितच येतो. पथ्य एकाचे आणि राबणे दुसऱ्याचे, ही वाटणी फार दिवस तगत नाही. आहार ‘सुटण्या’ची अनेक कारणे मनोनिग्रहात नसून याच वाटणीत असतात. सबंध घराचे ताट थोडे बदलणे, म्हणजे सर्वांच्या पानात आमटी घट्ट, उसळ अधिक, भात निम्मा आणि दही रोजचे, हे एकट्याच्या कडक पथ्यापेक्षा कमी नाट्यमय, पण अधिक टिकाऊ ठरेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली दोन वेळा जेवणाची पद्धत लोकप्रिय झाली, तिच्या आकर्षणाचे एक कारण हेच असावे. तिच्या शास्त्रीय बाजूविषयी मतभेद आहेत. पण तिने घरात वेगळी चूल मांडायला लावली नाही.

कचेऱ्यांची गोष्टही अशीच. सकाळी पोहे वा इडली, अकराला गोड चहा, दुपारी पोळी-भात, चारला बिस्किटे आणि स्टेशनवर वडापाव, असा ज्याचा दिवस जातो, त्याच्या आहारात दोष कोठे आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण त्याला त्या दिवसात दुसरे काय मिळते, हाही प्रश्न विचारायला हवा. आरोग्य तपासणीची शिबिरे भरवणाऱ्या कंपन्यांच्या उपाहारगृहांत उकडलेली अंडी, उसळ किंवा ताक सहज आणि स्वस्तात मिळते का?

हाच प्रश्न मग शासनापर्यंत पोहोचतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. उपासमार टाळणाऱ्या या योजनेचे मोल वादातीत आहे. परंतु हमीभाव, सरकारी खरेदी आणि शिधावाटप यांची दिशा दशकानुदशके तांदूळ-गव्हाकडेच राहिली आणि डाळी, अंडी, दूध बाजारभावाच्या हवाली राहिले. परिणामी, पोट भरायला पीठ स्वस्त आणि प्रथिने महाग, अशी स्थिती आहे. पनीर आणि बदामांवर उभा असलेला आहार मध्यमवर्गाला परवडतो. त्यांच्या घरी काम करणाऱ्या मावशींना परवडत नाही. मधुमेह मात्र दोन्ही घरांत शिरला आहे.

दरम्यान, या चर्चेत औषधांनी नवी भर घातली आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले. भूक शमवणारी ही इंजेक्शने प्रभावी आहेत, यात शंका नाही. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत येते, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. म्हणजे साधन बदलले, तरी टिकण्याचा प्रश्न तसाच उरतो.

कमी कर्बोदकांचा आखीव आहार हा भोंदूपणा नाही आणि जादूही नाही. मध्यमवयात आरोग्य सावरण्याचे ते एक उपयुक्त साधन आहे आणि भारतीय ताटातील मूळ दोषावर ते नेमके बोट ठेवते. पाच-सात टक्के वजन उतरले, तरी रक्तदाब, साखर आणि यकृतातली चरबी यांत सुधारणा दिसते. म्हणून वीस किलोंच्या ध्यासापेक्षा पाच किलोंचा टिकाऊ निर्धार अधिक शहाणपणाचा. हे पाच किलो टिकवायचे, तर डॉक्टरांचा सल्ला, स्नायूंना काम आणि घरच्या सर्वांचे मिळून बदललेले ताट हवे. वजन एकट्याचे असते; पण ते वाढवणारी आणि उतरवणारी व्यवस्था अनेकांची असते. तिच्यात बदल न करता केवळ एका माणसाच्या जिद्दीची परीक्षा घेत राहिलो, तर सहा महिन्यांच्या यशानंतर येणाऱ्या अपयशाचा दोषही त्याच्याच माथी मारला जाईल. तो अन्याय तर ठरेलच. पण त्याहून वाईट म्हणजे, त्यातून कोणाचेच आरोग्य सुधारणार नाही.